गुळगुळीत ग्रेडियंटवर कुंचल्याचा हात: खाडीवरचं संध्याकाळचं आकाश, पायरी पायरीने

डिजिटल चित्रकला नव्याने शिकणाऱ्यांच्या हाती ग्रेडियंट टूल फार लवकर लागतं. वर निळा, खाली केशरी, पेन एकदा ओढलं की आकाश तयार. त्यावर काळी डोंगररांग, चार पक्षी, आणि चित्र झालं. पण दुसऱ्या दिवशी तेच चित्र उघडलं की आकाश खटकतं. सगळं जागच्या जागी असूनही ते रंगवलेलं वाटत नाही, भरलेलं वाटतं.

ग्रेडियंट हे शुद्ध गणित असतं. एका टोकाच्या रंगापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ओळीत ठरलेला बदल, आणि आडव्या दिशेला शून्य बदल. हाताने दिलेल्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हातात, असं कधीच होत नाही. जलरंगात कागद एका बाजूला जास्त ओला राहतो, रंग तिथे साकळतो. तैलरंगात दोन फटकाऱ्यांच्या फटीतून खालचा थर डोकावतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी पोस्टर कलरच्या टिंट-शेडच्या पट्ट्या ज्यांनी केल्या असतील त्यांना हे हातानेच माहीत आहे: शेजारच्या दोन पट्ट्यांमधला फरक कधीच नेमका सारखा येत नाही, आणि त्या असमानपणामुळेच पट्टी जिवंत दिसते.

म्हणून या लेखातली सगळी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे. उजेडाकडून अंधाराकडे जाणारा उतार ग्रेडियंटकडून जसाच्या तसा घ्यायचा, आणि त्याच्या आतला रंग आणि कडा हाताने मोडायच्या. उतार जपला तर कितीही रांगडे फटकारे मारा, आकाश आकाशच राहतं. उतार हरवला तर सर्वात महागडा ब्रशही ते वाचवू शकत नाही.

उदाहरणासाठी वाशीच्या सागर विहारवरून दिसणारी संध्याकाळ घेऊ. नवी मुंबईला खाडी पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे, मानखुर्द-ट्रॉम्बेच्या बाजूला मावळतो. अलीकडे तिवरं, मधे पाणी किंवा ओहोटी असेल तर चमकणारा चिखल, आणि वर सगळं आकाश मोकळं. ठाण्यात राहणाऱ्यांनी उपवन तलाव घ्यावा. तिथे येऊरच्या डोंगरामुळे क्षितिजाजवळचा तांबूस पट्टा झाकला जातो आणि आकाशाचा वरचा, फिकट भागच हाती लागतो. नवख्यासाठी खरं तर ते सोपं आहे, कारण रंग कमी आहेत.

आधी बघणं, मग फोटो

फोनने फोटो काढा, पण रंग फोटोवरून घेऊ नका. फोनचा कॅमेरा आकाश आणि जमीन दोन्ही नीट दिसावीत म्हणून उजेड आपल्या हिशोबाने सारखा करतो, केशरी रंग जास्त भडक करतो आणि क्षितिजाजवळचा धुरकट पट्टा पुसून टाकतो. आपल्या खाडीवर हिवाळ्यात तो पट्टाच सगळ्यात खरा असतो. पुष्कळदा सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच त्या करड्या-जांभळट धुरकटात विरून जातो.

उभं राहून खालून वर नजर न्या आणि फोनच्या नोट्समध्ये क्रम लिहून ठेवा. स्वच्छ संध्याकाळी तो साधारण असा असतो: क्षितिजाला मळकट जांभळट, त्यावर केशरी, त्यावर सर्वात उजळ पिवळा, मग एक अगदी फिका हिरवट-करडा पट्टा, मग फिका निळा, आणि डोक्यावर गडद निळा. सर्वात उजळ भाग क्षितिजावर नसून त्याच्या थोडा वर आहे, हे लक्षात घ्या. नवख्यांच्या आकाशात पहिली गडबड इथेच असते.

पायरी पहिली: कॅनव्हास

मी क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर धरून चालते. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, अँड्रॉइड टॅबलेटसाठीही मिळतं. स्टीम किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर ते पैसे देऊन घेता येतं. ते पैसे त्याच्या विकासाला जातात. अधिकृत संकेतस्थळावरून मात्र फुकट उतरवता येतं.

नवी फाइल 3000 बाय 2000 पिक्सेल, आडवी. कलर मॉडेल आरजीबी, आणि डेप्थमध्ये 8 बिटच्या जागी 16 बिट इंटिजर निवडा. 8 बिटमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक चॅनेलला 256 पायऱ्या मिळतात. आकाशाच्या वरच्या 800 पिक्सेलमध्ये एखादा चॅनेल फक्त 40 पायऱ्यांनी बदलत असेल, तर त्याची प्रत्येक पायरी 20 पिक्सेल जाडीची होते, आणि डोळ्याला पट्टे दिसू लागतात. यालाच बँडिंग म्हणतात. 16 बिटमध्ये पायऱ्या 65,536. तुमची स्क्रीन बहुधा 8 बिटच दाखवते, तरी रंग मिसळतानाची आतली गणितं बारीक होतात आणि दहा वेळा घासल्यावरही रंग तुटत नाही. किंमत म्हणजे मेमरी: या आकाराचा एक पूर्ण थर 8 बिटमध्ये सुमारे 24 एमबी घेतो, 16 बिटमध्ये 48. लॅपटॉप जुना असेल तर आकार 2100 बाय 1400 करा, पण 16 बिट सोडू नका.

पायरी दुसरी: ग्रेडियंटचे मधले रंग

दोन टोकांचा ग्रेडियंट वापरू नका. कारण लाल, हिरवा, निळा या क्रमाच्या आकड्यांत बघा. केशरी-पिवळा 255, 190, 90 आणि निळा 60, 100, 180 घेतला, तर बरोबर मधे येतो साधारण 158, 145, 135. हा मातकट करडा आहे. आकाशाचा सगळ्यात नाजूक भाग जिथे असायला हवा तिथेच चिखल होतो. खरे रंगद्रव्य मिसळले असते तर तिथे हिरवट झाक आली असती. स्क्रीनवरचे रंग उजेडाचे असतात, त्यामुळे ती आपोआप येत नाही, हाताने ठेवावी लागते.

वरच्या टूलबारवर ग्रेडियंटचा छोटा चौकोन आहे. तिथून नवा स्टॉप ग्रेडियंट तयार करा. पट्टीवर क्लिक केलं की नवा थांबा तयार होतो. आपल्या संध्याकाळसाठी डावीकडून उजवीकडे हे सहा थांबे ठेवून बघा: 0 टक्क्यांवर 176, 138, 128; 15 वर 244, 164, 96; 32 वर 250, 208, 140; 52 वर 190, 200, 180; 75 वर 130, 160, 185; आणि 100 वर 84, 112, 156. नंतर तुमच्या नोंदीप्रमाणे बदला. हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत.

आता कीबोर्डवर जी (G) दाबा, ग्रेडियंट टूल येईल. आकार लिनिअर ठेवा. क्षितिज वरून 1300 पिक्सेलवर धरा आणि पेन क्षितिजापासून वरच्या कडेपर्यंत सरळ ओढा. जिथून ओढायला सुरुवात कराल तिथे पट्टीचा डावीकडचा रंग येतो.

सूर्याभोवतीची प्रभा वेगळ्या थरावर. फिका पिवळा रंग निवडा, फोरग्राउंड टू ट्रान्सपरंट हा ग्रेडियंट घ्या, आकार रेडियल, आणि थराची अपारदर्शकता 35 टक्क्यांच्या आसपास. गोल ग्रेडियंट किती जपून वापरायचा हे शिकायचं असेल तर सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा घेतलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र मोठं करून बघा. दिव्याचा उजेड बोटांच्या कडांतून, चेहऱ्यावरून, साडीवरून उतरत जातो, पण कुठेही एकसारखं वर्तुळ दिसत नाही. उजेड ज्या पृष्ठभागावर पडतो त्याचा आकार घेतो. आपल्या प्रभेलाही पुढे ढगांनी आणि फटकाऱ्यांनी तोडायचं आहे, म्हणून ती आत्ता थोडी जास्त वाटली तरी चालेल.

पायरी तिसरी: अस्तर आणि पट्टी

ही पायरी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही, आणि माझ्या मते सगळा फरक हिच्यामुळे पडतो. आपण एकाच ग्रेडियंटचे दोन उपयोग करणार आहोत.

ग्रेडियंटच्या थरावर उभं राहून कंट्रोल-जे दाबा, प्रत तयार होईल. खालच्या थराला नाव द्या "अस्तर", वरच्याला "पट्टी".

आधी पट्टी. आयताकृती निवडीच्या टूलने उजव्या कडेचा 150 पिक्सेल रुंदीचा उभा भाग निवडा, कंट्रोल-शिफ्ट-आय दाबून निवड उलटी करा आणि डिलीट. आता पट्टीच्या थरावर फक्त उजव्या कडेला मूळ ग्रेडियंटची उभी फीत उरली. हा थर सगळ्यात वर ठेवा आणि कुलूप लावा. रंगवताना ब्रश हातात असतानाच कंट्रोल धरून जिथे टेकवाल तिथला रंग उचलला जातो. नियम एकच: ज्या उंचीवर फटकारा मारायचा आहे, त्याच उंचीवर पट्टीतून रंग उचला. एवढं पाळलं तरी उतार चुकत नाही. प्रभेच्या भागात रंग उचलल्यावर एल एकदा-दोनदा दाबा, रंग उजळतो. के दाबलं की गडद होतो.

आता अस्तर. त्या थरावर जाऊन कंट्रोल-यू दाबा. रंगछटा बदलण्याची खिडकी उघडेल. तिच्यातल्या प्रकाराच्या यादीत ह्यू-सॅच्युरेशन-लूमा निवडा, आणि ह्यूची पट्टी उणे 25 वर न्या. केशरी लालसर होईल, निळा किंचित हिरवट. लूमा निवडल्यामुळे उजळपणा जवळजवळ तसाच राहतो, फक्त छटा सरकते. बघताक्षणी आकाश बिघडल्यासारखं दिसेल. तसंच दिसायला हवं.

आता वरच्या थरावर कोरड्या ब्रशने मूळ रंग चढवला की ब्रशच्या केसांच्या फटींतून हे सरकलेलं अस्तर डोकावेल. उजळपणा सारखा असल्यामुळे डोळा त्याला छिद्र समजत नाही, पण छटा वेगळी असल्यामुळे पृष्ठभाग थरथरतो. तैलचित्रकार कॅनव्हासला आधी रंगीत अस्तर देतात ते याच कारणासाठी. अस्तराच्या जागी साधा पांढरा थर ठेवला तर त्याच फटी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या टोचतात आणि मग आपण त्या भरत बसतो. शेवटी आकाश पुन्हा गुळगुळीत होतं.

अस्तर आणि पट्टीच्या मधे एक कोरा थर घाला, नाव "रंगकाम". प्रभेचा थर अस्तराच्या लगेच वर.

पायरी चौथी: ब्रश

क्रितात शंभराहून जास्त ब्रश आहेत. तीन पुरे. जी अक्षराने सुरू होणाऱ्या गटातला एखादा ड्राय ब्रिसल्स, आय गटातला एखादा वेट ब्रश, आणि के गटातला एखादा ब्लेंडर.

पहिला नुसता रंग ठेवतो. दुसरा रंग ठेवतानाच खालचा रंगही ओढतो. तिसरा रंग ठेवत नाही, फक्त असलेला हलवतो. आय आणि के गटातले बरेचसे ब्रश कलर स्मज इंजिनवर चालतात. एफ-5 दाबून ब्रशची खिडकी उघडा, म्हणजे त्यांच्या कळा दिसतील. स्मज लेंग्थ म्हणजे खालचा रंग किती लांब ओढला जाईल, आणि कलर रेट म्हणजे तुमचा स्वतःचा रंग किती मिसळेल. कलर रेट शून्य केला की तो नुसता ब्लेंडर. स्मजचे दोन प्रकार असतात: स्मिअरिंगमध्ये खालचा पोत जसाच्या तसा ओढला जातो, डलिंगमध्ये खालच्या रंगाची सरासरी काढून एकसंध रंग ओढला जातो. फटकाऱ्याच्या रेषा टिकवायच्या तर स्मिअरिंग, शांत मिश्रण हवं तर डलिंग. ओव्हरलेची खूण केली तर ब्रश फक्त चालू थर न बघता खालचे थरही विचारात घेतो. आपलं अस्तर वेगळ्या थरावर असल्यामुळे वेट ब्रशला ती खूण हवी.

ड्राय ब्रिसल्समध्ये एक छोटा बदल करा. एफ-5 च्या खिडकीत ह्यू नावाचा पर्याय चालू करून त्याला फझी स्ट्रोक हा सेन्सर जोडा आणि ताकद 5 ते 8 टक्के ठेवा. आता प्रत्येक फटकाऱ्याची छटा आपोआप केसभर हलेल. फझी डॅब निवडलात तर फटकाऱ्यातला प्रत्येक ठसा हलेल आणि रंगीत खडी पसरल्यासारखं होईल, ते नको. हा पर्याय दिसला नाही तर तो ब्रश वेगळ्या इंजिनवर आहे, दुसरा घ्या. बदललेला ब्रश नव्या नावाने जतन करून ठेवा.

पेन टॅबलेट साधा असला तरी चालतो, मात्र दाबाची जाण असलेला हवा. कोरड्या ब्रशचं सगळं सौंदर्य हलक्या दाबात आहे. माऊसने हे चित्र होईल, पण फटी हाताने पाडाव्या लागतील.

पायरी पाचवी: फटकारे

रंगकामाच्या थरावर या. शिफ्ट धरून पेन ओढलं की ब्रश लहान-मोठा होतो. पहिल्या फेरीत ब्रश 300 पिक्सेलच्या आसपास. हा आकार धीटपणे वापरा. पूर्ण आकाश पंचवीस-तीस फटकाऱ्यांत झाकलं जायला हवं, आणि त्यातही चौथा हिस्सा अस्तर उघडं राहायला हवं.

दिशा महत्त्वाची आहे. सगळे फटकारे आडवे मारले तर ग्रेडियंटचे पट्टे आणखी ठळक होतात. ओढ सूर्याच्या जागेपासून बाहेर ठेवा: सूर्याजवळ फटकारे आखूड आणि जवळजवळ आडवे, जसजसं वर आणि बाजूला जाल तसतसे लांब आणि तिरके. कोपऱ्यांत ते तीस-चाळीस अंशांपर्यंत कललेले चालतील. एकाच फटकाऱ्यात दोन उंचींचे पट्टे ओलांडू द्या. पिवळ्यातून उचललेला रंग थोडा हिरवट पट्ट्यात शिरला तर घाबरू नका, तिथेच आकाश हातात येतं.

दुसऱ्या फेरीत ब्रश 120 च्या आसपास. आता सगळीकडे फिरायचं नाही. सूर्याभोवती आणि क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यात, म्हणजे जिथे नजर जाणार आहे तिथेच. वरचा निळा भाग पहिल्या फेरीत आहे तसाच सोडा. तिसऱ्या फेरीत 40 पिक्सेलचे मोजके फटकारे: ढगाची एखादी उजळ कड, धुक्यातून सुटलेली एखादी तांबूस रेघ. लहान ब्रशने आकाश भरायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तिथेच चित्र शिळं होतं.

अधूनमधून एम दाबा, चित्र आरशात उलटं दिसेल. एकाच बाजूला कललेले फटकारे लगेच कळतात.

पायरी सहावी: जोड

दोन रंगपट्टे जिथे भेटतात तिथे काय करायचं, यावर चित्र ठरतं. नवखे इथे ब्लेंडर घेतात आणि सीमेवरून आडवा फिरवत बसतात. त्याने सीमा पुसट होते पण सरळच राहते, आणि धूसर पट्टा तयार होतो. ब्लेंडर सीमेला उभा छेदून चालवा: खालच्या पट्ट्यातून वर, मग थोडं सरकून वरच्यातून खाली. पेन प्रत्येक वेळी उचला. एकदा फिरवलेल्या जागेवर पुन्हा जाऊ नका.

एक जागा अगदी जवळून बघू. पिवळा पट्टा संपून हिरवट-करडा सुरू होतो तो भाग 200 टक्के मोठा करा. पहिल्या फेरीनंतर तिथे पिवळ्या फटकाऱ्याची फाटकी कड आहे, तिच्या केसांमधून लालसर अस्तर दिसतंय, आणि वर करड्याचा फटकारा अर्धवट चढलाय. या दहा-बारा बोटांएवढ्या रुंदीच्या सीमेवर तीन वेगवेगळे जोड करायचे आहेत. डावीकडे काहीच करू नका, फाटकी कड तशीच राहू द्या. मधे स्मिअरिंगवर ठेवलेला ब्लेंडर खालून वर एकदाच ओढा. पिवळ्याच्या रेषा करड्यात बोटभर शिरतील. उजवीकडे डलिंगचा ब्लेंडर हलक्या दाबाने दोनदा, म्हणजे तिथली सीमा विरून जाईल. आता 100 टक्क्यांवर या. सीमा एकच आहे, पण ती कुठे ठळक, कुठे तुटक, कुठे गायब आहे. आकाशभर सगळ्या सीमांवर हे तीन प्रकार वेगवेगळ्या प्रमाणात वाटा. सूर्याजवळ ठळक जास्त, कडांकडे विरलेले जास्त.

मिश्रण थांबवायची खूण मी अशी धरते: चित्राची खिडकी पोस्टकार्डाएवढी लहान केल्यावर उतार सलग वाटला की थांबायचं, मोठं केल्यावर कितीही खडबडीत दिसो.

पाणी आणि तिवरं

पाण्याला आकाशाचाच ग्रेडियंट उलटा येतो, किंचित गडद आणि किंचित मळका. आकाशाच्या थरांची एकत्र प्रत काढून उलटी करण्याचा मोह टाळा. आकाशातले तिरके फटकारे पाण्यात दिसले की पाणी उभं राहतं. नवा थर, पट्टीतून रंग, गडद करायला के दोनदा दाबून, आणि सगळे फटकारे आडवे. खाली, म्हणजे बघणाऱ्याकडे, रुंद. क्षितिजाकडे अगदी अरुंद. ओहोटी असेल तर चिखलाचे गडद आडवे तुकडे आणि त्यांच्यामधल्या पाण्याच्या उजळ रेषा, एवढंच पुरतं.

ठाणे खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्यामुळे खाडीचं चित्र म्हटलं की फ्लेमिंगो काढायची इच्छा होतेच. दूरचा थवा एकेक पक्षी म्हणून काढू नका. संध्याकाळच्या उजेडात तो पाण्यालगतचा एक फिका गुलाबी पट्टा असतो. कोरड्या ब्रशचा एकच अरुंद फटकारा, मधे तुटलेला. त्याखाली तेवढाच, पण मळका, प्रतिबिंबाचा. तिवरं शेवटी, एका गडद हिरवट-तपकिरी रंगाने. निव्वळ काळा नको, तो संध्याकाळच्या सगळ्या उबेला मारून टाकतो.

करडी तपासणी

सर्वात वर एक थर घाला, तो मधल्या करड्याने भरा आणि त्याचा ब्लेंडिंग मोड कलर ठेवा. सगळं चित्र करड्या छटांत दिसेल. आता बघा: उजळ पट्ट्याकडून वर निळ्याकडे जाताना कुठे उलटी उडी आहे का? एखादा फटकारा डोळ्यात खुपतो का? रंगात सुंदर वाटणारा लालसर फटकारा इथे काळ्या डागासारखा दिसला, तर त्याचा रंग ठीक आहे, उजळपणा चुकला आहे. थर बंद करून त्याच छटेचा उजळ रंग त्यावर चढवा. हा थर शेवटपर्यंत राहू द्या आणि दर थोड्या वेळाने डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून चालू-बंद करत राहा.

ऑइल पेंटचं फिल्टर का नको

क्रिताच्या आर्टिस्टिक फिल्टरमध्ये ऑइलपेंट आहे, आणि ग्रेडियंटवर ते लावलं की क्षणात पोत येतो. पण फिल्टरला सूर्य कुठे आहे हे माहीत नसतं. तो सगळीकडे सारख्या आकाराचे, दिशाहीन गोळे पाडतो. म्हणजे एका गणितावर दुसरं गणित. मी ते शिकणाऱ्यांना वापरू देत नाही. त्याच यादीतलं पोस्टराइझ मात्र कामाचं आहे: ग्रेडियंटच्या प्रतीवर लावलं की त्याचे मोजके सपाट पट्टे होतात, आणि सीमा कुठे आहेत हे डोळ्यांसमोर येतं. जोड करताना नकाशा म्हणून ती प्रत बाजूला ठेवा.

उलट्या वाटेने: ग्रेडियंट मॅप

हात थोडा बसल्यावर हे करून बघा. आधी आकाश फक्त करड्या छटांत रंगवा, सगळा जोर फटकाऱ्यांवर आणि कडांवर. मग त्या थराला फिल्टर मास्क जोडून ग्रेडियंट मॅप निवडा. गडद करड्याच्या जागी ग्रेडियंटचं डावं टोक येतं, उजळच्या जागी उजवं. मास्क असल्यामुळे मूळ करडं काम शाबूत राहतं आणि थांबे बदलून तेच आकाश पहाटेचं किंवा जूनमधल्या पावसाळी दुपारचं करता येतं. मर्यादाही आहे: एका उजळपणाला एकच रंग मिळतो, म्हणून अस्तराची थरथर इथे येत नाही. वरून कोरड्या ब्रशने काही छटा हाताने टाकाव्याच लागतात.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी क्रम हाच. फोटोशॉपमध्ये मिक्सर ब्रश वेट ब्रशचं काम करतो. त्यात सॅम्पल ऑल लेअर्स चालू ठेवा. प्रोक्रिएटमध्ये स्मजच्या बोटाला कोणताही ब्रश लावता येतो, तिथे गोल मऊ ब्रशऐवजी केसाळ ब्रश लावा.

जतन करताना

मूळ फाइल केआरए या क्रिताच्या स्वतःच्या स्वरूपात ठेवा, थर जसेच्या तसे. दाखवण्यासाठी पीएनजी काढा. जेपीईजीची दाबून बसवण्याची पद्धत मऊ उतारांवर चौकोनी ठोकळे पाडते, आणि आकाशात तेच सगळ्यात आधी दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवायचं तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. निर्यात करण्याआधी उजव्या कडेची पट्टी बंद करायला विसरू नका, आणि तिच्याखालची जागा रंगकामाच्या थरावर भरली आहे ना तेही बघा. पट्टीचा थर पुसू मात्र नका. त्याच्या नावात तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा: "सागर विहार, जानेवारी, सहा वाजून दहा". अशा पट्ट्या साठत गेल्या की पुढच्या चित्रासाठी रंग शोधत बसावं लागत नाही.